नांदूर मध्यमेश्वरला पक्षी कधी दिसतात? तारखेआधी पाण्याची पातळी बघा

निफाड : रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गाडी येऊन थांबते. घरातली पाच-सहा माणसं उतरतात, मनोऱ्यावर चढतात, दहा मिनिटं पाण्याकडे बघतात आणि खाली येतात. "इथं तर काहीच नाही," म्हणत गाडी परत फिरते. डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी, पेपरात 'हजारो परदेशी पाहुणे दाखल' अशी बातमी, आणि तरीही पक्षी नाहीत. असं का होतं?

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना याचं उत्तर अर्धवट का होईना माहीत असतं. इथले पक्षी ऋतूप्रमाणे येतात हे खरं. पण आल्यावर ते कुठं बसतील, किती दिवस थांबतील आणि आपल्याला दिसतील की नाही, हे बंधाऱ्यातलं पाणी ठरवतं. त्या पाण्याचं गणित समजलं तर फेरी वाया जात नाही. आणि हे गणित बिघडलं तर नुकसान फक्त पक्ष्यांचं होत नाही, काठावरच्या गावांचंही होतं.

बंधारा शेतीसाठी, पक्षी आले गाळामुळे

गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला गेला. हेतू एकच होता, पाणी अडवून कालव्यात वळवायचं. इथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता भागातली शेती उभी राहिली. पुढे जलद कालव्याने वैजापूर, गंगापूरकडे पाणी गेलं. पक्ष्यांसाठी कुणी काही बांधलं नव्हतं.

पण नदी पाण्याबरोबर मातीही आणते. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, काठाला पाणगवत, पाणकणीस वाढलं. सिंचनाच्या हिशेबात हा तोटा, कारण साठवण घटली. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र इथं ताट वाढून ठेवलं गेलं. गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शिंपले आणि गवताचं बी असतं. उथळ पाण्यात मासे सापडायला सोपे असतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या पट्ट्यात अशी ओली जागा म्हणजे दूरच्या पक्ष्यांना वाटेवरचा मुक्कामच.

१९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे २०१९ च्या तारखेने यातल्या १,४३७ हेक्टर पाणथळ जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाणे खाडीचा नंबर लागला. रामसरच्या नोंदीनुसार इथं वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ प्रजातींची नोंद आहे. त्यात बिबट्या आहे, चंदन आहे आणि नामशेष होण्याच्या मार्गावर असलेली गिधाडंही आहेत.

रामसर हे इराणमधल्या एका गावाचं नाव. तिथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून २ फेब्रुवारी हा जगभर पाणथळ दिन असतो. रामसर दर्जा मिळाला म्हणजे सातबारा बदलतो, जमीन जाते, अशी भीती काही गावांत असते. या दर्जाने जमिनीची मालकी बदलत नाही. ही जागा जगाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि ती शहाणपणाने वापरू, असं देशाने दिलेलं ते वचन आहे. अभयारण्याचे नियम वेगळे आणि ते आधीपासूनच लागू आहेत.

पायाची आणि चोचीची लांबी

पाण्याच्या पातळीचा पक्ष्यांशी संबंध कसा, हे एकदा नीट समजून घेऊ.

नुसत्या ओल्या चिखलावर चिखल्या, तुतवार, धोबी असे लहान पक्षी पळत असतात. त्यांचे पाय आखूड, चोच लहान. चिखलाच्या वरच्या थरातले किडे ते टिपतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या दिसतो. त्याचे पाय लाल आणि काडीसारखे लांब. गुडघाभर पाण्यात बगळे, शराटी आणि चमचा. चमच्याची चोच खरंच पळीसारखी असते, ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत तो चालतो आणि लागेल ते पकडतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये फट असते. गोगलगायी, शिंपले धरायला ती कामाला येते.

बदकांचंही तसंच. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही बदकं सहसा बुडी मारत नाहीत. डोकं पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे करून मान पोचेल तेवढ्या खोलीवरचं खातात. पाणी फूट-दीड फुटाच्या वर गेलं की त्यांना तळ लागत नाही. मग ती काठाकडे सरकतात किंवा दुसरीकडे जातात. खोल पाण्यात उरतात ते बुडी मारणारे, म्हणजे पाणकावळे, टिबुकली आणि वारकरी. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा वारकरी पक्षी थव्याने पोहत असतो, नाव कसं पडलं ते बघता क्षणी कळतं.

म्हणजे पाणी फूटभर चढलं किंवा उतरलं तरी पंगतीतली माणसं बदलतात. आता पाणी कशाने चढतं-उतरतं? वर दारणा, गंगापूर, पालखेड ही धरणं आहेत. तिथून आवर्तन सुटलं की पाणी या बंधाऱ्यात येतं आणि कालव्यांना वळतं. आवर्तन चालू असताना पातळी राखली जाते, चिखल झाकला जातो. आवर्तन बंद झालं की पातळी उतरते, कडेचा गाळ उघडा पडतो आणि दोन-चार दिवसांत तिथं पक्ष्यांची गर्दी होते. अकरा वाजता आलेल्या त्या घरच्यांना पक्षी दिसले नाहीत, त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर उन्हं चढली होती, किंवा पाणी चढलेलं होतं. बऱ्याचदा दोन्ही.

द्राक्षाचं कॅलेंडर, पक्ष्यांचं कॅलेंडर

निफाड तालुक्यातल्या माणसाला पक्ष्यांचं वर्ष लक्षात ठेवायला वेगळी वही नको. द्राक्षबागेचं वेळापत्रक पुरेसं आहे.

जून ते सप्टेंबर : खरड छाटणी कधीच उरकलेली असते, बागेत काडी पक्व होत असते. या दिवसांत नदीला पूर असतो आणि 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग' ही रोजची बातमी असते. परदेशी पक्षी नसतात, पण घरचे पक्षी संसारात गुंतलेले असतात. बाभळीवर बगळ्यांच्या वसाहती, पाण्यावर टेकलेल्या काट्यांना सुगरणीचे खोपे, पाणवनस्पतींवर कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी. अडई आणि हळदी-कुंकू बदकांची पिल्लंही याच काळात दिसतात. हळदी-कुंकू हे नाव चोचीवरून पडलं. टोकाला पिवळी, बुडाशी दोन तांबडे ठिपके. पुराच्या दिवसांत काठावर जाऊ नये हे सांगायला नकोच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : गोडी छाटणी सुरू झाली की पहिली बदकं उतरायला लागतात. आधी लहान चक्रांग, भुवई बदक, मग तलवार बदक आणि थापट्या. सायबेरिया, मध्य आशिया, लडाख, तिबेट अशा भागांतून हे पक्षी येतात. तिकडे तलाव गोठतात, खायला मिळत नाही, म्हणून खाली यावं लागतं. थंडी सोसत नाही एवढंच कारण नसतं. खरं कारण पोटाचं असतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी : मण्यांत पाणी भरायच्या दिवसांत इथं सगळ्यात मोठी गर्दी असते. निफाडचा पारा घसरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचं तापमान राज्यभर बातमी होतं, बागा वाचवायला शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे पाण्यावर हजारो बदकं असतात. भगव्या रंगाचे चक्रवाक जोडीने दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब दिसला तर नशीबवान समजा. हा हिमालय ओलांडून येतो. सहा-सात हजार मीटर उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. करकोच्यांचे थवे, वरून घिरट्या घालणारा दलदली ससाणा, एखाद्या वर्षी रोहितसुद्धा. ससाणा खाली आला की सगळी बदकं एकदम उठतात, तो आवाज ऐकण्यासारखा असतो.

मार्च-एप्रिल : बागेतला माल निघतो, गाड्या भरतात, आणि पक्षीही निघायच्या तयारीला लागतात. परतीच्या लांब प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असल्याने ते दिवसभर खात असतात. पाणी उतरलेलं असतं, गाळ उघडा असतो. चिखलातले पक्षी बघायचे तर हाच काळ. पिवळा धोबी तर या दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो.

एप्रिल-मे : उन्हाळी आवर्तन संपलं की पाण्याचा पट्टा आक्रसतो. गर्दी पाहायला येणाऱ्याला जागा ओसाड वाटते. पण नदी सुरय आणि टिटवी याच दिवसांत उघड्या वाळूवर, गाळाच्या बेटांवर अंडी घालतात. घरटं असं नसतंच, नुसता खळगा. अंडी मातीच्या रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली तर आल्या वाटेने मागे फिरावं, तिची अंडी जवळच असतात.

जाताना काय लक्षात ठेवावं

निफाडहून हे ठिकाण दहा-बारा किलोमीटरवर आहे. चापडगाव आणि खाणगाव थडी या बाजूंनी निरीक्षण मनोरे आहेत. वन विभागाचं प्रवेश शुल्क आहे. गावातलीच तरुण मुलं गाईड म्हणून मिळतात, त्यांच्याकडे दुर्बीण असते. गाईड घ्यावा. काल पाणी किती होतं आणि आज थवा कुठल्या बाजूला बसलाय, हे त्यांना माहीत असतं. तेच तर आपल्याला हवं असतं. निघण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून 'आवर्तन चालू आहे का, गाळ उघडा आहे का' एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं.

वेळ सकाळी सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत, किंवा दुपारी चारनंतर. ऊन पाठीवर येईल असं उभं राहावं, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघावं. उलटं उभं राहिलं तर सगळे पक्षी काळे दिसतात. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. पांढराशुभ्र शर्ट दुरून पक्ष्यांना दिसतो.

मोबाईलने लांबचा पक्षी नीट येत नाही. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईलचा कॅमेरा टेकवून फोटो काढला तर ओळखण्यापुरता येतो. 'मर्लिन' नावाच्या मोफत ॲपमध्ये फोटो किंवा आवाजावरून पक्ष्याचं नाव कळतं. मात्र मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवू नये. दुसरा पक्षी आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो खाणं-पिणं, पिल्लं सोडून धावतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि उडवला तर थवा उठतो. एकदा उठलेल्या थव्याची बरीच ताकद वाया जाते, ती पुन्हा खाऊन भरून काढावी लागते.

आणखी एक. आजूबाजूला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण पाहुण्यांना सांगायला हवं. पहाटे, अंधारात उसाच्या बांधावरून एकट्याने चालू नये, लहान मुलांना पुढे सोडू नये. जखमी पक्षी किंवा वन्यप्राणी आढळला तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करावा.

पानवेली, सांडपाणी आणि गाळाचा पेच

पक्ष्यांच्या या ताटात माती कालवण्याचं काम सध्या पानवेली करतात. वरच्या भागातून येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद त्यांना खतासारखं लागू पडतं. हिरवा गालिचा दिसायला छान, पण त्याखाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. बदकांना उतरायला मोकळं पाणी राहत नाही. डास वाढतात ते गावात. पुरात याच वेली वाहून येऊन पुलांना अडकतात आणि पाणी तुंबतं. सायखेडा, चांदोरीच्या लोकांनी ते बघितलेलं आहे. म्हणजे ज्या घाणीमुळे बदकं जातात, त्याच घाणीमुळे घरात पाणी शिरायला मदत होते. रामसरच्या नोंदीतही पानवेली हा या जागेला धोका म्हणून लिहिलेला आहे.

गाळाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गोदाकाठची गावं पाण्याखाली गेली. बंधाऱ्यामागे गाळ आणि झाडोरा वाढल्याने फुगवटा मागे सरकतो, म्हणून गाळ काढा, ही काठावरच्या शेतकऱ्याची मागणी आहे. ज्याची बाग, ज्याचं घर पाण्यात गेलं त्याची ही मागणी चुकीची म्हणता येणार नाही. दुसरीकडे सगळा गाळ उपसला तर उथळ पाणी संपेल आणि ज्यासाठी ही जागा ओळखली जाते ते पक्षीच थांबणार नाहीत.

यातली वाट जागा आणि वेळ बघून काढावी लागेल. पुराचं पाणी मुख्यतः नदीच्या मूळ पात्रातून वाहतं आणि बदकं मुख्यतः कडेच्या उथळ भागात चरतात. पात्र मोकळं करणं आणि कडेचा उथळ भाग राखणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतातच असं नाही. वेळेचाही विचार हवा, कारण काम करायला सोपा असलेला उन्हाळा हाच सुरय-टिटवीच्या अंड्यांचा काळ. अभयारण्यात कुठलंही काम वन विभागाच्या मंजुरीशिवाय होत नाही. त्यामुळे जलसंपदा, वन विभाग आणि ग्रामपंचायती एका नकाशावर बसल्याशिवाय हा पेच सुटणारा नाही. ग्रामसभेत 'गाळ काढा' एवढाच ठराव करण्याऐवजी 'कुठला गाळ, किती आणि कधी' असा ठराव झाला तर त्याला वजन येईल.

गावाच्या हातात काय आहे

पक्ष्यांमुळे पिकाचं नुकसान होतं ही तक्रार खरी आहे. भोरड्यांचे थवे द्राक्षावर आणि ज्वारीवर येतात, बागेला जाळी लावावी लागते, त्याचा खर्च पडतो. पण याच भोरड्या टोळ आणि अळ्याही खातात, आणि नांगरामागे फिरणारे बगळे हुमणीच्या अळ्या वेचतात. हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा.

काठावरच्या शेतात फवारणीनंतर औषधाचे डबे आणि पंप ओढ्यात, नदीत धुऊ नयेत. ते पाणी बंधाऱ्यातच येतं आणि तिथलेच मासे बाजारात येतात. संक्रांतीला नायलॉन मांजा वापरू नये, बदकं आणि करकोचे संध्याकाळी खालून उडतात आणि त्यात अडकतात. शिकार दिसली तर कळवावं, पक्षी मारणं हा गुन्हा आहे.

आणि येणाऱ्या पाहुण्याकडे गावाने जरा वेगळ्या नजरेने बघावं. पक्ष्यांचा हंगाम आणि द्राक्षांचा हंगाम एकच आहे. सकाळी पक्षी बघून दहा वाजता भूक लागलेल्या माणसाला गरम पिठलं-भाकरी, बागेतली द्राक्षं, घरचे मनुके मिळाले तर तो निफाडला परत जाऊन का खाईल? बचत गटांना यात करण्यासारखं खूप आहे.

इथल्या शाळांनीही वर्षातून एकदा सहल काढण्यापेक्षा चार फेऱ्या माराव्यात. पावसाळ्याच्या शेवटी एक, दिवाळीनंतर एक, जानेवारीत एक आणि परीक्षा संपल्यावर एक. त्याच मनोऱ्यावरून, त्याच दिशेला बघायचं. पाणी कुठपर्यंत आहे आणि कोण कुठं बसलंय, एवढंच वहीत लिहायचं. चौथ्या फेरीला पोरंच सांगतील, आवर्तन सुटलंय की बंद झालंय.